ओलीचा माग

काचेवरचं धुकं आतून होतं. बाहेरून फडकं फिरवून काही होईना, म्हणून दार उघडून आतून बोट ओढलं. बोटामागे स्वच्छ रेघ उमटली, रेघेच्या टोकाला थेंब जमला आणि खाली घरंगळला. आदल्या रात्री पाऊस नव्हता. शेवटचा पाऊस पडून दोन दिवस झाले होते. गाडी घेऊन मला तीन आठवडे झाले होते आणि गाडीचं वय होतं १२ वर्षं.

थंड काचेवर दव धरतं यात नवल नाही. २० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. तीच हवा १० अंशांपर्यंत उतरली की साधारण ९ ग्रॅम. वरचं जे उरतं ते आसपास सगळ्यांत गार जे असेल त्यावर बसतं, आणि गाडीत सगळ्यांत गार असते काच. पण लहान गाडीच्या आत हवा असून असून किती, तीनेक घनमीटर. म्हणजे हिशेबानं सगळ्या काचांवर मिळून चार-पाच चमचे पाणी. ते एकदा पुसलं, दारं तासभर उघडी टाकली, की विषय संपायला हवा. इथे रोज सकाळी तेवढंच पुन्हा हजर. कुठंतरी पाणी मुरतंय, हे आपण संशय आला की म्हणतो. माझ्या गाडीत ते खरोखरीच मुरत होतं.

चालकाशेजारच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथे, हात लावून पाहिला. कार्पेट कोरडं ठणठणीत. मग मूठ आवळून अंगाचा भार टाकला, तेव्हा बोटांच्या पेरांभोवती पाणी वर आलं. मूठ उचलली तसं ते परत आत गेलं.

गाडीच्या कार्पेटखाली फोम किंवा नमद्यासारखा जाड थर असतो. इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून तो घालतात. आवाज पिणारी वस्तू पाणीही पिते. वरचं कार्पेट कोरडं दिसत असताना खाली काही लिटर पाणी निवांत बसलेलं असू शकतं आणि त्याच्याखाली असतो नुसता पत्रा. जुन्या गाडीचा तळ खालून गंजतो असं आपण समजतो. कितीतरी गाड्या वरून, आतून, या ओल्या गोधडीखाली गंजत असतात. त्या दिवशी टॉवेल दाबून दाबून बादलीत पिळला. तीन लिटरच्या वर भरलं. पाणी स्वच्छ होतं, पण कुबट वास हाताला संध्याकाळपर्यंत राहिला.

तो वास मी गाडी घेताना घेतला होता. आरशाला सुगंधी पुडी टांगलेली होती आणि ज्यांची गाडी होती ते गृहस्थ म्हणाले होते, "जरा बंद बंद वास येतो, उन्हात ठेवली की जातो." त्या बादलीकडे बघताना मला त्यांचा फार राग आला होता. फसवलं, असंच वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल आणखी सांगायचं आहे.

ज्याला त्याला सांगितलं त्या प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं, आणि बहुतेकांचं एकच: काचेच्या कडेला सिलिकॉन मारून टाक. हा सल्ला मी मानला नाही आणि कुणीही मानू नये असं मला मनापासून वाटतं. पाणी कुठून येतं ते कळायच्या आधी भोक बुजवायला जाणं म्हणजे अंधारात लिंपण. त्यातून सिलिकॉन एकदा लागलं की त्याचा पातळ थर पत्र्यावर राहून जातो, आणि पुढे खरं सीलंट किंवा रंगसुद्धा त्यावर नीट धरत नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या काचेभोवती असं सिलिकॉन आधीच होतं. एकदा नाही, दोन थर. खालचा पिवळा पडलेला, वरचा दुधी, आणि वरच्यावर अजून कुणाच्या तरी अंगठ्याचे ठसे स्पष्ट दिसत होते.

मी आधी पाणी ओळखायला बसलो. गाडीच्या आत तीन प्रकारचं पाणी येऊ शकतं. एक पावसाचं किंवा धुण्याचं. दुसरं एसीचं: डॅशबोर्डमागच्या थंड जाळीवर हवेतली वाफ धरते, ती ठिबकून एका नळीवाटे गाडीखाली पडते. हवा दमट असली तर तासाभरात लिटरभरसुद्धा. एसी लावून गाडी उभी केली की खाली ओला डाग पडतो तो हाच. ती नळी धूळ-शेवाळानं तुंबली की तेच पाणी आत, नेमकं पाय ठेवायच्या जागी उतरतं. तिसरं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव. हीटरची छोटी जाळीही डॅशबोर्डमागेच असते आणि तिच्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरत असतं. ती झिरपू लागली की आत गोडसर वास येतो, काचेवर पुसता न जाणारा तेलकट पापुद्रा धरतो आणि बॉनेटखालच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरते. कूलंट विषारी असतं. चव घेऊन बघायचा आचरटपणा कुणी करू नये. पांढरा टिश्यू पेपर ओलीत दाबायचा आणि उजेडात धरायचा. रंग दिसला, बोटांना बुळबुळीत लागलं, की कळलं.

माझा टिश्यू नुसता ओला होता. टाकीची पातळी जागच्या जागी. एसी चालवून पाहिला तर गाडीखाली डाग पडत होता, म्हणजे नळी मोकळी. वर आठवडाभर एसीला हात न लावताही ओल वाढली. उरला पाऊस.

एक वही केली. तारीख, पाऊस किती वेळ, गाडी धुतली का, एसी लावला का, कुठे किती ओल. हे शिस्तीचं म्हणून नाही. पावसाची आठवण फार फसवी असते म्हणून. "मागच्या पावसात नव्हतं आलं" असं आपण छातीठोक सांगतो आणि मागचा पाऊस पाच मिनिटांचा असतो.

पहिला संशय वायपरखालच्या खोबणीवर घेतला. पुढच्या काचेवरून उतरणारं सगळं पाणी काच आणि बॉनेट यांच्या मधल्या त्या पन्हळीत पडतं आणि दोन टोकांच्या भोकांतून खाली निघून जातं. गाडी झाडाखाली उभी राहणारी असेल तर ती भोकं पानांनी बुजतात, पन्हळ तळ्यासारखी भरते, आणि ब्लोअरला हवा आत घेण्याची वाट तिथेच असल्यानं पाणी त्या वाटेनं आत शिरतं. वायपर काढले, वरची प्लास्टिकची जाळी उचलली. आत पानांचा काळा चिखल होता, कुजून माती झालेला, आणि त्यात एक इवलंसं रोप रुजलेलं. दोन पानं, पांढरी मुळं. ओंजळभर चिखल निघाला, भोकं मोकळी झाली, पाणी ओतलं तर सरसर खाली गेलं. वहीत मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: सापडलं.

चार दिवसांनी पाऊस झाला. सकाळी मूठ दाबली. पेरांभोवती पाणी.

मग नळीची परीक्षा. हिला दोन माणसं लागतात. एक बाहेर पाणी सोडायला, एक आत बॅटरी घेऊन बघायला. धाकटी बहीण तयार झाली. डॅशबोर्डखालचं प्लास्टिक काढून ती पाय दुमडून तिथे शिरली, गाल जवळजवळ पत्र्याला टेकवून. या परीक्षेचे नियम साधे आहेत पण मोडायचा मोह होतो. पाणी हलकं सोडायचं, पावसासारखं. जोराचा फवारा मारला तर पाऊस कधी जाणार नाही अशा फटीतूनही पाणी आत घुसतं आणि आपण भलत्याच फटीच्या मागे लागतो. सुरुवात खालून करायची आणि हळूहळू वर जायचं. वरून सुरू केलं तर ओघळ सगळ्यांवरून उतरतो आणि कुठून आत गेलं ते कळत नाही. आणि एका जागी दहा मिनिटं थांबायचं. दहा मिनिटं नळी धरून उभं राहणं फार लांब असतं. आतून दर थोड्या वेळानं आवाज यायचा, "दादा, कोरडं."

काचेची खालची कड, कोरडं. बाजूची, कोरडं. दरवाज्याचं बिडिंग, म्हणजे चौकटीभोवतीचं रबर, त्याला टाल्कम पावडर लावून दार मिटलं, पाणी सोडलं, उघडून पाहिलं. पावडरीत ओघळाची एकही रेघ नाही. कागदाची पट्टी रबरात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली, सगळीकडे सारखी घट्ट. ब्लोअर पूर्ण जोरात, हवा बाहेरून घेण्यावर, काचा बंद, आणि पुढच्या काचेच्या आणि पुढच्या दारांच्या कडांना बाहेरून साबणाचं पाणी. आतली हवा फटीतून बाहेर येत असेल तर बुडबुडे दिसतात. एक नाही. दोन तासांनी बहीण बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर पत्र्याच्या कडेचा वळ उठला होता.

टॉवेलनं हात पुसता पुसता तिनं विचारलं, "दादा, ही रोज अशीच उभी असते का?"

नव्हती. नळापासची जागा सपाट होती. रोज गाडी उभी राहायची ती उतारावर, तोंड खाली करून. माझ्या वहीत सगळे रकाने होते, उताराचा नव्हता.

मी पुढे पाणी बघून पुढे शोधत होतो. पण गाडीच्या तळाला पन्हळी असतात, बळकटीसाठी दाबलेल्या खाचा. कार्पेटखालून त्या मागून पुढे जातात. मागे शिरलेला थेंब उतारावर उभ्या गाडीत सीटखालून चालत चालत पुढे येतो आणि जिथे उतार संपतो तिथे मुक्काम करतो. ओल दिसते ती मुक्कामाची जागा. शिरण्याची जागा दोन हात लांब, कधी गाडीच्या दुसऱ्या टोकाला असते. एका मित्राच्या गाडीला सनरूफ होतं. त्यानं त्याच्या काचेचं रबर नवं घातलं तरी पायाखाली ओल येतच राहिली, कारण सनरूफ पाणी पूर्ण अडवायला बनवलेलंच नसतं. त्याच्याभोवती छुपी पन्हळ असते आणि चार कोपऱ्यांतून चार नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. त्यांतली एक तुंबली होती. ती मोकळी करताना त्यानं जोराची हवा मारली आणि नळी आतल्या आत सांध्यातून सुटली, मग छताचं अस्तर उतरवावं लागलं. मऊ नायलॉनची दोरी हलकेच सरकवली असती तर भागलं असतं. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं तेही पुष्कळदा डिकीच्या रबरातून येत नाही, मागच्या दिव्यांच्या वाळलेल्या गॅस्केटमधून येतं.

सीट काढायच्या ठरवल्या. इथे एक गोष्ट जपून करायची असते: सीटखाली एअरबॅगच्या आणि बेल्टच्या तारांचे कनेक्टर असतात. गाडीची बॅटरी आधी सोडवायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मगच त्यांना हात लावायचा. कार्पेट मागच्या बाजूनं उचलत आणलं. पत्र्यावर तांबूस रेघा होत्या, नदीच्या काठावर पूर ओसरल्यावर राहतात तशा, एकाखाली एक. पाणी कितीदा आलं आणि कुठवर चढलं ते तिथे लिहिलेलं होतं. रेघा मागच्या दारापासून सुरू होत होत्या.

आणि पुढे, माझ्या मुठीच्या जागेखाली, फोमच्या खाली, एक टॉवेल निघाला. चौघडी करून, कडा जुळवून, नीट घातलेला. काळा पडला होता, उचलताना फाटत होता, पण एका घडीच्या आतल्या बाजूला मूळचा निळा रंग अजून होता. तो मी बराच वेळ हातात धरला. फसवणारा माणूस टॉवेलाची घडी घालत नाही. काचेवरचे ते दोन थर, अंगठ्याचे ठसे, ही घडी, सगळं एकाच हातांचं असणार. माझ्याआधी कुणीतरी याच पाण्यामागे वर्षानुवर्षं लागलं होतं, आणि पाणी पुढे दिसतं म्हणून पुढेच शोधत राहिलं होतं. माझ्यासारखंच.

मागचं दार उघडायला मला आता घाई नव्हती. दरवाजा आतून कसा असतो हे कळलं तेव्हा मला त्याच्याबद्दल आदरच वाटला. काचेच्या कडेची पट्टी पावसाला पूर्ण थोपवत नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दरवाज्याच्या पोटात जातं, जाऊ दिलेलंच असतं, आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दरवाजा म्हणजे भिंत असा आपला समज; तो खरं तर उभी पन्हळ आहे. पोटातलं ते पाणी गाडीत येऊ नये म्हणून आतल्या पत्र्यावर प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो, आणि त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून आत, दरवाज्याच्या पोटात सोडलेली असते, म्हणजे पडद्यावरून उतरलेला थेंब पुन्हा पन्हळीतच पडतो. आपल्याला दिसतं ते डोअर पॅड त्याच्यावर बसतं. त्या पॅडमागे एवढा साधा पातळ कागदासारखा पडदा सगळी गाडी कोरडी ठेवत असतो.

पॅड काढलं. क्लिपांपैकी तीन वेगळ्या रंगाच्या होत्या, म्हणजे आधी कुणीतरी उघडलं होतं. खालच्या कोपऱ्यात कंपनीचा नसलेला स्पीकर. तो बसवण्यासाठी पडदा काटकोनात कापला होता आणि नंतर पार्सलला लावतात त्या खाकी टेपनं मिटवला होता. टेप वाळून ठिसूळ झाली होती, तिचा खालचा ओठ बाहेर वळला होता, आणि पडद्याची कड फटीत जायच्या ऐवजी बाहेर लोंबत होती.

मी बाहेरून काचेच्या कडेला पेलाभर पाणी ओतलं आणि बहिणीनं आतून बॅटरी धरली. प्लास्टिकमागून थेंब उतरताना दिसला, सावलीसारखा. कापाजवळ येऊन तो थांबला. मागून दुसरा येऊन त्याला मिळाला, दोघं मिळून जड झाले, टेपच्या कडेनं तिरपे सरकले, वळलेल्या ओठावरून अलीकडे आले आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पडले. टप्. मग उंबऱ्याच्या पट्टीखाली गेले.

बहीण काही बोलली नाही. मला वर बघून नुसती मान हलवली.

दुरुस्ती म्हणाल तर एका दुपारची. जुना गोंद खरवडला, नवं जाड प्लास्टिक जुन्याच्या मापानं कापलं आणि बुटाइल टेपनं चिकटवलं. बुटाइल काळं, चिकणमातीसारखं असतं आणि वर्षानुवर्षं मऊ राहतं, म्हणून दरवाजा आपटला तरी सुटत नाही. चमच्याच्या पाठीनं कडा दाबत गेलो. खालची कड फटीत सोडली. सगळं काम त्या कडेचं. दरवाज्याच्या तळातलं एक भोक मातीनं बुजलं होतं, ते मऊ तारेनं मोकळं केलं. वेळ गेला तो वाळवण्यात. फोम उन्हात तीन दिवस आणि रात्री पंख्याखाली, तरी जाड भाग दाबला की गार लागायचा. सीटखालच्या एका कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर धरला होता, तो साफ केला. पत्र्यावरचा गंज घासून त्याला प्रायमर लावला.

गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन केला. दोष द्यायला नव्हे. मला वाटलं, त्यांना कळायला हवं. "मागच्या दारातून येत होतं," मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "मागच्या? स्पीकरच्या?" मी हो म्हणालो. "मुलगी मागे बसायची हो," ते म्हणाले. "तिला गाणी नीट ऐकू यायची नाहीत म्हणून बसवून घेतले होते. पुढची काच मी दोनदा सील केली. टॉवेल घातला होता, तो मिळाला का?" मिळाला, म्हटलं. टॉवेल कसा होता ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. स्पीकर चालतात का, एवढं विचारलं. चालतात.

कार्पेट लगेच घातलं नाही. उघड्या पत्र्यावर टिश्यू पेपर पसरले, मागच्या दारापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत, आणि गाडी मुद्दाम उतारावर तोंड खाली करून उभी केली. तीन दिवसांनी संध्याकाळी चांगला दोन तासांचा पाऊस आला. तो थांबायच्या आधीच बहीण छत्री घेऊन निघाली आणि मी तिच्यामागे. आत बॅटरी फिरवली. टिश्यू जसेच्या तसे, कडक, एकाचा कोपरा दार उघडल्याच्या वाऱ्यानं थरथरला. दोघंही आत बसलो. मागच्या दारात पाणी उतरल्याचा बारीक आवाज येत होता, पोटातून खाली, खाली. तिनं दार हलकंच उघडलं आणि वाकून खालची कड पाहिली. मोकळ्या केलेल्या भोकाशी थेंब धरत होता, मोठा होत होता, सुटत होता, आणि त्याच्या जागी दुसरा, बाहेर, जमिनीवर.